‘थांब, तुझ्यावर केसच टाकतो’ म्हणणारे काका आणि बाकीचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांमध्ये एक गंमत दिसली, ‘कायद्याने’ हा शब्द जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे आणि कलम एखाद्यातच. ग्रुपवर भांडण झालं की कोणीतरी ‘कायद्याने गुन्हा आहे हा’ म्हणतं, दुसरा ‘कुठला कायदा’ असं विचारत नाही आणि तिसरा घाबरून पत्र मला पाठवतो. तर यावेळी जमेल तिथे कलम आणि वर्ष दोन्ही देतेय, पुढच्या भांडणाला उपयोगी पडेल.

ताई नमस्कार. आमच्या सोसायटीच्या ग्रुपचा मी ॲडमिन आहे, म्हणजे आधीचे ॲडमिन फ्लॅट विकून गेले आणि ते माझ्या गळ्यात पडलं. एका मेंबरने एका नेत्याबद्दल फार घाण पोस्ट टाकली. दुसरे एक काका म्हणतात पोलिसात जातो, पहिला नंबर ॲडमिनचा लागणार. खरंच मी आत जाऊ शकतो का? घरचे म्हणतात ग्रुपच डिलीट कर.
— एक वैतागलेला ॲडमिन

घरच्यांना सांगा शांत व्हा. दुसऱ्याने टाकलेल्या पोस्टसाठी निव्वळ ॲडमिन आहे म्हणून तुम्हाला आरोपी करता येत नाही. आपल्याच मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये हे स्पष्ट केलंय, केस गोंदिया जिल्ह्यातली होती, मेंबरने ग्रुपवरच्या एका महिलेबद्दल अश्लील लिहिलं, ॲडमिनने त्याला काढलं नाही म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. कोर्टाने ॲडमिनवरची केस रद्द केली. म्हणणं साधं होतं, ॲडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, कोण काय टाइप करणार हे त्याला आधी कळत नाही, आणि दोघांचा मिळून ठरलेला हेतू दाखवल्याशिवाय त्याला गुन्ह्यात ओढता येणार नाही. केरळ हायकोर्टानेही 2022 मध्ये साधारण हेच सांगितलं.

हां, पण ‘मिळून ठरलेला हेतू’ हे शब्द लक्षात ठेवा. पोस्टखाली तुम्हीच हसण्याचे इमोजी टाकले, वरून ‘अजून टाक रे’ म्हणालात, तर काकांच्या वकिलाला बोलायला जागा मिळते. पोस्ट ॲडमिन म्हणून डिलीट करा, ‘इथे फक्त पाणी, पार्किंग आणि लिफ्ट’ असा एक मेसेज टाका, गरज वाटली तर काही दिवस ‘फक्त ॲडमिन’ सेटिंग चालू ठेवा. पण डिलीट करण्याआधी एक स्क्रीनशॉट काढून ठेवा, पोलिसांनी विचारलंच तर ‘मी काय केलं आणि कधी केलं’ हे दाखवता येतं. ग्रुप डिलीट करू नका, पाणी कधी येणार हे मग कोण सांगणार.

ताई, मी इंजिनिअरिंगला आहे. आमच्या फॅमिली ग्रुपवर मी मामाच्या फॉरवर्डचं फॅक्ट चेक टाकलं तर मामाने मला ग्रुपमधूनच काढलं. मी आईला म्हटलं हे माझ्या अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं उल्लंघन आहे, आई म्हणते जेवायला ये. कोण बरोबर?
— काढलेला भाचा

आई.

आता कारण ऐक, कारण हा घोळ इतका कॉमन आहे की मोठमोठे लोक पण करतात. घटनेच्या अनुच्छेद 19 मधलं बोलण्याचं स्वातंत्र्य हे मुळात सरकारसमोर धरायचं हत्यार आहे. सरकार तुझं तोंड बंद करायला आलं तर त्याला 19(2) मधल्या आठ कारणांपैकी एखादं दाखवावं लागतं, देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, बदनामी, कोर्टाचा अवमान वगैरे. मामाला असलं काही दाखवावं लागत नाही, त्याचा ग्रुप आहे. तुझ्यासारखा हुशार पोरगा आता सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचा 2023 चा निकाल काढेल, त्यात बहुमताने असं म्हटलंय खरं की 19 आणि 21 (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) चे हक्क खासगी व्यक्तींविरुद्धही बजावता येतात, पण त्यावरून मामाला कोर्टात खेचता येईल असं मानणारा वकील मला अजून भेटलेला नाही.

सोशल मीडिया कंपनीने पोस्ट उडवली तर मात्र गोष्ट थोडी वेगळी. तिथे पण ‘घटना, घटना’ करण्यापेक्षा 2021 चे आयटी नियम जास्त कामाचे. कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, आणि त्याच्या उत्तराने समाधान झालं नाही तर 30 दिवसांच्या आत सरकारने नेमलेल्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ‘माझी पोस्ट दाबली’ म्हणून रडणाऱ्यांपैकी किती जणांनी हे केलं असेल? मला तरी कोणी भेटलं नाही.

मॅडम, ‘फॉरवर्डेड ॲज रिसीव्ड’ लिहिलं की आपली जबाबदारी संपते ना? आणि लाइक करणं पण गुन्हा झालाय असं ऐकलं. दुसरं, ऑफिसच्या ग्रुपवर एकाने मला ‘66ए लावतो तुला’ अशी धमकी दिलीय, तेवढं बघा.
— क. द., निवृत्त

साहेब, तीन प्रश्न आहेत, उलटीकडून घेते.

66ए मेलंय. आयटी कायद्यात 2008 च्या दुरुस्तीने आलं, ‘त्रासदायक’, ‘गैरसोयीचं’ असलं काहीही ऑनलाइन पाठवलं तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि त्रासदायक म्हणजे काय हे कुठेच लिहिलेलं नाही. ते मरायला कारणीभूत ठरलं आपलं पालघर. नोव्हेंबर 2012 मध्ये बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदबद्दल एका मुलीने फेसबुकवर लिहिलं, दुसरीने ते लाइक केलं, दोघींना अटक. त्यावरून सुप्रीम कोर्टात याचिका गेली आणि 24 मार्च 2015 ला श्रेया सिंघल निकालात अख्खं कलम रद्द झालं. तरीही पोलीस ठाण्यांमध्ये ते लावणं चालूच होतं, शेवटी 2022 मध्ये कोर्टाला पुन्हा सांगावं लागलं की बाबांनो या कलमाखाली कोणावर खटला चालवू नका. तर धमकी देणाऱ्याला 2015 चा निकाल पाठवा, खाली काही लिहू नका.

पण म्हणून मोकाट सुटलो असं समजू नका, हेच लोक विसरतात. बदनामी आहेच, आता भारतीय न्याय संहितेचं 356, जुन्या दंड संहितेचं 499 आणि 500. खोटी अफवा पसरवून लोकांमध्ये भीती किंवा दोन गटांत तेढ होईल असं केलं तर 353. अश्लील असेल तर आयटी कायद्याचं 67. यातली बदनामी अदखलपात्र आहे, पोलीस थेट गुन्हा नोंदवत नाहीत, तक्रारदाराला मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं, त्यामुळे ‘उद्या पोलीस दारात येतील’ हे वाक्य बदनामीच्या बाबतीत बहुतेक वेळा हवेतलं असतं.

लाइकचं सांगायचं तर अलाहाबाद हायकोर्टाने एप्रिल 2025 मध्ये म्हटलंय की पोस्ट लाइक करणं म्हणजे ती प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं नाही. शेअर केली तर वेगळं.

फॉरवर्डचं मात्र तुमच्या मनासारखं नाही. तामिळनाडूतले अभिनेते आणि माजी आमदार एस. व्ही. शेखर यांनी 2018 मध्ये महिला पत्रकारांबद्दलची एक गलिच्छ पोस्ट फेसबुकवर शेअर केली, मग काढून टाकली, माफी मागितली, ‘न वाचताच पुढे पाठवली’ म्हणाले. मद्रास हायकोर्टाने 2023 मध्ये काही ऐकलं नाही, पुढे पाठवणाऱ्याला त्याची जबाबदारी घ्यावीच लागेल म्हणाले, आणि सुप्रीम कोर्टानेही त्यात हात घातला नाही. ‘ॲज रिसीव्ड’ लिहिण्याने एवढंच सिद्ध होतं की तुम्हाला मजकुराबद्दल शंका होती आणि तरी पाठवलात!

उद्यापासून नवीन नियम लागू, तीन टिक्स आल्या आणि त्यातली एक लाल असेल तर सरकारने कारवाई सुरू केली, असा मेसेज फिरतोय. खरं का?

खोटं. वर्षानुवर्षं दर काही महिन्यांनी ‘उद्यापासून’ सुरू होतोय. लाल टिक नावाचा प्रकार व्हॉट्सॲपमध्ये नाही. खरा वाद आहे तो वेगळा, 2021 च्या नियमांत मोठ्या मेसेजिंग ॲपने मेसेज पहिल्यांदा कोणी पाठवला हे कोर्टाच्या किंवा अधिकृत आदेशावर शोधून द्यावं असं आहे, आणि व्हॉट्सॲप त्याविरुद्ध दिल्ली हायकोर्टात गेलंय, कारण एन्क्रिप्शन, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा सोडून कोणालाच मेसेज वाचता येऊ नये म्हणून लावलेलं कुलूप, न तोडता हे करता येणार नाही असं त्यांचं म्हणणं. त्यावर भांडा की, तो विषय भांडण्यासारखा आहे. लाल टिकवर कशाला.

ताई, निवडणूक झाली की आमच्या मित्रांच्या ग्रुपचे दोन तुकडे होतात. अर्धे म्हणतात ईव्हीएम हॅक होतं, अर्धे म्हणतात कोर्टाने क्लीन चिट दिली, विषय संपला. मी मधला. काय बोलू?
— मधला

मधल्याचे हाल असतात खरे. दोघांनाही सांग की सुप्रीम कोर्टाचा 26 एप्रिल 2024 चा निकाल आधी वाचा. त्यात सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत दिल्यावर मशीनमधून छापून निघणाऱ्या) मोजा आणि कागदी मतपत्रिका परत आणा या दोन्ही मागण्या फेटाळल्यात, म्हणजे एका विधानसभा क्षेत्रामागे पाच मशीनच्या चिठ्ठ्या मोजतात तेच चालू राहिलं. हे पहिल्या गटाला आवडत नाही. पण त्याच निकालात दोन सूचना पण आहेत ज्या दुसरा गट सोयीने गाळतो. एक, उमेदवारांची चिन्हं मशीनमध्ये भरायला जे युनिट वापरतात ते निकालानंतर किमान 45 दिवस सील करून ठेवायचं. दुसरी, दुसऱ्या आणि तिसऱ्या नंबरच्या उमेदवाराला सात दिवसांत लेखी मागणी करून, पैसे भरून, विधानसभा क्षेत्रामागे 5 टक्के मशीनची तपासणी करून घेता येते, आणि छेडछाड सापडली तर पैसे परत. 45 दिवस का, तर निवडणूक याचिका करायची मुदत तेवढीच आहे.

मला विचारशील तर ‘हॅक होतं’ म्हणणाऱ्याने कसं, कुठल्या टप्प्यावर, कोणाच्या हातून हे सांगावं. आणि ‘विषय संपला’ म्हणणाऱ्याला लोकशाहीत शंका विचारायचा हक्क असतो एवढं मान्य करायला काय हरकत आहे? सोलापूर जिल्ह्यात मारकडवाडीच्या लोकांनी डिसेंबर 2024 मध्ये स्वतःच मतपत्रिकांवर मतदान घ्यायचं ठरवलं होतं, प्रशासनाने ते होऊ दिलं नाही. असल्या मतदानाला कायद्यात काही किंमत नव्हती हे खरंच, पण गावाला ते करावंसं वाटलं ही गोष्ट थट्टेवारी नेण्यासारखी नाही.

एकाने माझ्याबद्दल ग्रुपवर खूप वाईट लिहून नंतर ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं. माझ्याकडे स्क्रीनशॉट आहे. एवढा पुरावा पुरतो ना?
— नाव छापू नये

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि याचं उत्तर मिळालंय जालन्याच्या निवडणुकीतून, म्हणून जरा लांबण लावते.

2014 ची विधानसभा. जालन्यात अर्जुन खोतकर अवघ्या 296 मतांनी कैलास गोरंट्याल यांच्यापुढे राहिले. हरलेल्या बाजूने याचिका केली की खोतकरांचे अर्ज शेवटच्या दिवशी दुपारी तीनची वेळ उलटल्यावर घेतले गेले. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं व्हिडिओ चित्रीकरण, त्याच्या सीडी. पण अशा कॉपीसोबत पुरावा कायद्याच्या 65बी खालचं एक प्रमाणपत्र लागतं, ही कॉपी कुठल्या यंत्रातून, कशी निघाली आणि यंत्र नीट चालू होतं असं सांगणारं, आणि ते मागून मागून अधिकाऱ्यांनी दिलंच नाही. हायकोर्टाने अधिकाऱ्याची साक्ष धरून 2017 मध्ये निवडणूक रद्द केली. सुप्रीम कोर्टाने जुलै 2020 मध्ये निवडणूक रद्दच ठेवली, इतर पुरावा होता आणि याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्रासाठी जमेल ते सगळं केलं होतं म्हणून, पण नियम ठोकून सांगितला, मूळ यंत्र कोर्टात आणत नसाल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीवर भागणार नाही.

1 जुलै 2024 पासून तेच 65बी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं 63 झालंय आणि प्रमाणपत्राचा नमुना अजून कडक झालाय, दोन भाग, एक तुम्ही भरायचा, एक तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे फाइलमध्ये एक ठिपका जरी बदलला तरी वेगळा येणारा आकडा.

तर तुमचा नुसता प्रिंट काढलेला स्क्रीनशॉट घेऊन गेलात तर समोरचा वकील पहिलाच आक्षेप हाच घेणार. ज्या फोनवर तो काढलाय तो फोन विकू नका, एक्स्चेंजला देऊ नका, फॉरमॅट मारू नका. स्क्रीनशॉटवर लाल गोल, बाण काही काढू नका, क्रॉप करू नका, तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचा नंबर दिसतोय का बघा. ग्रुपमधल्या आणखी कोणी पोस्ट पाहिली असेल तर त्यांना आत्ताच विचारून ठेवा, सहा महिन्यांनी सगळ्यांना विसर पडतो. आणि त्या माणसाने परत ‘डिलीट केलं, आता काय करणार’ असं काही लिहिलं तर उत्तर देऊ नका, तोही स्क्रीनशॉट घ्या.