जुने होमब्रू, नवा प्रोसेसर

प्रश्न : जुन्या इंटेल मॅकवरील सर्व काही एम-मालिकेच्या नव्या मॅकवर हलवल्यापासून सॉफ्टवेअर कंपाइल करताना ‘आर्म६४साठी सिम्बॉल सापडले नाहीत’ अशी त्रुटी येते. उपाय सांगावा.
— एक विद्यार्थिनी, कोथरूड, पुणे

उत्तर : आपल्या संगणकावर बहुधा जुने होमब्रूच (सॉफ्टवेअर पॅकेजे बसवण्याचे साधन) चालत आहे. इंटेलसाठीचे होमब्रू ‘/यूएसआर/लोकल’मध्ये असते, तर २०२० साली आलेल्या एम१पासूनच्या मॅकसाठीचे ‘/ऑप्ट/होमब्रू’मध्ये. जुने होमब्रू रोझेटाच्या (इंटेलचे प्रोग्राम नव्या मॅकवर चालवणारी अ‍ॅपलची सोय) आधारे निमूट चालत राहते, पण त्याने बसवलेल्या लायब्ररी एक्स८६-६४च्या (नव्या मॅकच्या आर्म६४ऐवजी इंटेल प्रोसेसरसाठीच्या) असल्यामुळे कंपाइल झालेले भाग जोडणारा लिंकर त्या बाजूला सारतो आणि मग सिम्बॉल (त्यांतील फंक्शनांची नावे) सापडत नाहीत. टर्मिनलमध्ये ‘यूनेम -एम’ द्या. उत्तर एक्स८६-६४ आले, तर टर्मिनलच रोझेटाखाली उघडले आहे, आणि हे हमखास नजरेतून सुटते. त्याच्या ‘गेट इन्फो’मधील रोझेटाची खूण काढावी, ‘ब्रू बंडल डंप’ने पॅकेजांची यादी जपून ठेवावी, नवे होमब्रू बसवून पाथमध्ये (आज्ञा जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) त्याला अग्रक्रम द्यावा आणि यादीतील पॅकेजे त्यातूनच पुन्हा घ्यावीत. जुने बिल्ड फोल्डर मात्र आठवणीने पुसावे, कारण बिल्डची तयारी करणाऱ्या सीमेकच्या कॅशेत (साठवलेल्या नोंदींत) जुन्या लायब्ररींचे पत्ते तसेच राहतात. तरीही शंका उरली, तर त्या लायब्ररीवर ‘फाइल’ ही आज्ञा चालवावी. ती कोणत्या प्रोसेसरची आहे, हे लगेच कळते.