खोडलेली ओळ

अनेक आशीर्वाद.

खोट्या पैशांच्या आठ आठवड्यांच्या शेअर स्पर्धेसाठी केलेला तुझा तक्ता काल रात्री दोनदा वाचला. वीस शेअर, प्रत्येकात पाच टक्के, शेजारी निवडीची कारणं, सगळं कसं नेटकं. नजर अडकली ती तळाशी खोडलेल्या ओळीवर. छोटी औषध कंपनी, चाचणीचा निकाल सहाव्या आठवड्यात, आणि पुढे तू लिहिलंयस, 'फार धोका'. तुला पहिली आणू शकेल अशी अख्ख्या तक्त्यात तेवढीच एक ओळ होती. तीच खोडलीस!

तू विचारतेस, सगळे पैसे एका ठिकाणी ठेवू नयेत हे तुम्हीच शिकवलंत, मग आता काय करू? शिकवलं, आणि खऱ्या पैशांसाठी त्यातला एक शब्दही मागे घेणार नाही. पण इथले पैसे खोटे आहेत आणि बक्षीस फक्त पहिल्याला आहे. अकरावी आलीस काय नि शेवटची आलीस काय, हाती सारखंच. स्पर्धा क्रमाची आहे, परताव्याची नाही. एवढं मनात बसलं नाही तर कितीही अभ्यास कर, फुकट आहे.

हिशेब बघ. एकमेकांशी संबंध नसलेले, सारख्याच चढउताराचे २५ शेअर समान वाट्याने घेतले, तर एकूण चढउतार एका शेअरच्या एक पंचमांश उरतो. आयुष्यभराच्या पुंजीला हे वरदान आहे. हजार जणांच्या आठ आठवड्यांच्या स्पर्धेत मात्र ती मधेच कुठेतरी राहण्याची हमी. त्या हजारांत कुणीतरी एकाच शेअरवर ठाण मांडून बसलेला असतो, त्याचा शेअर उसळतो आणि तो जिंकतो. तुझ्यापेक्षा हुशार असतो असं नाही. रागावू नकोस, पण तुझा तक्ता म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या झालाय.

नुसत्या अभ्यासावर भिस्त ठेवू नकोस. वॉल स्ट्रीट जर्नल या अमेरिकी वृत्तपत्राने १९८८ साली तज्ज्ञांनी निवडलेले शेअर विरुद्ध डार्ट फेकून काढलेले शेअर अशी स्पर्धा सुरू केली. पहिल्या १०० फेऱ्यांत तज्ज्ञ डार्टच्या पुढे ६१ वेळा गेले, पण डाऊ जोन्स या अमेरिकी शेअरबाजाराच्या निर्देशांकाच्या पुढे ५१ वेळाच. ज्यांचा हा पेशा, त्यांची ही गत.

एका शेअरवर २५ टक्क्यांची मर्यादा असेल तर चार घे, पण चार उद्योगांतले नकोत. एकाच बातमीने एकत्र हलणारे घे. आणि सगळे ज्याच्यामागे धावतायत तो तर नकोच. तो वाढला तर सगळ्यांबरोबर तूही वाढशील, क्रम तिथल्या तिथे. निकाल वाईट लागला तर तळाला जाशील. जा. पुन्हा सांगतो, स्पर्धा क्रमाची आहे.

पुढे गेलीस की मात्र सगळं उलटं, आणि अशाच एका स्पर्धेत मी इथेच हरलो. चार दिवस उरले होते, मी पहिला होतो. पहिल्या दहांचे शेअर सगळ्यांना दिसायचे. दुसऱ्या नंबरवाल्याकडे माझाच शेअर होता. कमावलेलं राखू म्हणून मी तो विकला आणि संथ शेअरांत शिरलो. शेवटच्या दुपारी तो विकलेला शेअर उसळला, आणि पडद्यावर माझं नाव एक ओळ खाली सरकलं. हात न लावता बसलो असतो तर आम्ही दोघेही वर गेलो असतो आणि मधलं अंतर राहिलं असतं. आघाडीवरच्याने पाठलाग करणाऱ्याच्या वाटेनेच जायचं असतं. शिडाच्या नौकांच्या शर्यतीत हे जुनं शास्त्र आहे. १९८३ च्या अमेरिकाज कप या नौकाशर्यतीत अमेरिकेची नौका लिबर्टी ३-१ ने पुढे होती. पाचव्या शर्यतीत आघाडी असतानाही ती प्रतिस्पर्धी नौका ऑस्ट्रेलिया २ गेली त्या बाजूला वळली नाही, ती शर्यत गेली आणि शेवटी ४-३ ने चषकही गेला. अमेरिकेने १३२ वर्षं राखलेला चषक!

लोक म्हणाले, जुगार खेळला म्हणून हरला. नाही. सात आठवडे मी हिशेबाने खेळलो. हरलो ते शेवटच्या चार दिवसांत तो हिशेब सोडला म्हणून. ही सल अजून आहे, ती या पत्रात उतरतेय हेही मला कळतंय. पण सल आहे म्हणून हिशेब चुकीचा ठरत नाही.

ती ओळ परत लिही. आणि येताना स्पर्धेचे नियम छापून आण. एका शेअरवर जास्तीत जास्त किती टक्के लावता येतात, ते तुझ्या तक्त्यात कुठेच नाही.