‘वासारा’ आणि वज्र: ताम्पेरेला निघालेल्या वेल्डरला उत्तर

तुझा प्रश्न थोडक्यात असा: तू भोसरीत वेल्डर-फिटर आहेस, फिनलंडमधल्या ताम्पेरे शहरातल्या एका वर्कशॉपची ऑफर हातात आहे, बायको आणि मुलगी मागून येणार. फिनिशला १५ विभक्ती असतात हे ऐकून तू धसका घेतला आहेस. त्यात कुणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलंय की फिनिश भाषा संस्कृतातूनच निघाली, पुरावा म्हणजे तिथे हातोड्याला वज्र म्हणतात. ‘ताई, यात खरं किती, आणि निघण्याआधी मी शिकू काय?’ असं तू विचारलंयस.

मी हातोड्यापासूनच सुरुवात करते, कारण तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्या एका शब्दात आहेत. फिनिशमध्ये हातोडा म्हणजे ‘वासारा’. (यातले सगळे ‘आ’ ऱ्हस्व म्हणायचे, जोर पहिल्या अक्षरावर. दीर्घ स्वर असेल तिथे मी ‘ऽ’ लावते आहे, आणि पुढे तो फार कामाला येणार आहे.) वासारा आणि वज्र यांचं मूळ एक, हे अगदी खरं. पण त्यावरून फिनिश संस्कृतातून निघाली म्हणणं साफ चूक आहे. फिनिश उरालिक कुळातली. एस्टोनियन तिची सख्खी, सामी जरा लांबची, हंगेरियन आणखी लांबची. आपली मराठी इंडो-युरोपीय कुळातली. दोन्ही कुळं वेगळी, शब्द तेवढा उसना घेतलेला.

ही उसनवारी साधारण ४,००० वर्षांपूर्वीची. उरल पर्वताच्या दक्षिणेला, आजच्या रशिया-कझाकस्तान सीमेच्या आसपास, सिंताश्ता संस्कृतीचे लोक राहायचे. तांबं-कांस्य गाळण्यात वाकबगार, घोड्यांचे रथ बांधणारे. त्यांची बोली संस्कृत आणि अवेस्ता (पारशांच्या धर्मग्रंथाची जुनी इराणी भाषा) या दोन्हींच्या आधीची इंडो-इराणी असावी, असं बहुतेक अभ्यासक मानतात. उत्तरेकडच्या जंगलपट्ट्यात उरालिक बोलणारे होते. धातूची वस्तू आली, तिच्याबरोबर तिचं नावही आलं. हेलसिंकीचे भारतविद्येचे अभ्यासक आस्को पारपोला यांनी या संबंधांवर बरंच लिहिलंय. मूळ शब्दाचा अर्थ ‘घाव घालायचं हत्यार’ एवढाच असावा, कारण पुढे प्रत्येकाने तो आपापल्या कामाला जुंपला. अवेस्तात ‘वज़्र’ म्हणजे गदा, व्होल्गाकाठच्या एर्झ्या भाषेत ‘उज़ेरे’ म्हणजे कुऱ्हाड, उत्तर सामीत ‘वेआह्चिर’ म्हणजे हातोडा. आपल्याकडे ते इंद्राच्या हातात गेलं. ऋग्वेदात त्वष्टा ते इंद्रासाठी घडवतो, म्हणजे तिथेही ते कारागिराच्या हातचंच काम आहे. इकडे फिनलंडचा जुना मेघगर्जनेचा देव उक्को, त्याचं शस्त्रही ‘उकोन-वासारा’, उक्कोचा हातोडा. कडकडाटाला इथे आजही ‘उक्कोनेन’ म्हणतात.

‘ज’चा ‘स’ कसा झाला, असं तुला वाटेल. मूळ ध्वनी आपल्या ‘ज’सारखा तालव्य होता, उरालिकमध्ये तो ‘च’-‘श’च्या जवळ घेतला गेला आणि फिनिशपर्यंत येताना त्याचा ‘स’ झाला. मधलं जोडाक्षर स्वर घालून सोडवलं, आपल्याकडे मंत्राचं ‘मंतर’ होतं तसं.

तुझ्या टूलबॉक्समधली बाकीची नावंही अशीच ठिकठिकाणची आहेत. कुऱ्हाड म्हणजे ‘किर्वेस’, ती बाल्टिक भाषांकडून आलेली. लिथुआनियनमध्ये आजही ‘किर्विस’. करवत ‘साहा’ आणि खिळा ‘नाउला’ हे जर्मॅनिककडून आले. नाउलाच्या मुळाशी नखाचा शब्द आहे, आपल्या ‘नख’चाच भाऊबंद. स्क्रू-ड्रायव्हर ‘रुऽविमेइस्सेलि’ तर सरळ स्वीडिशमधून. मला सगळ्यांत आवडतो तो ‘ओरा’, काटा किंवा अणकुचीदार टोक. संस्कृतात ‘आरा’, आणि आपल्या चांभाराची आरी तीच. इथे कुंपणाला लावतात त्या काटेरी झुडपाचं नाव ‘ओरापिह्लाया’ आहे. त्या नावात आरी बसली आहे. ‘साता’ म्हणजे शंभर, तो आपल्या ‘शत’चा नातलग. दुकानात हा शब्द सात समजून खिशात हात घालू नकोस.

आता व्याकरण. १५चा आकडा बघून घाबरण्याचं कारण नाही, कारण विभक्ती म्हणजे काय हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. हातोड्याने, हातोड्यात, हातोड्यावर हे तू पाळण्यापासून बोलतोयस. वासारास्सा म्हणजे हातोड्यात, वासारास्ता हातोड्यातून, वासाराल्ला हातोड्याने. शब्द आणि प्रत्यय, बस. आपलं सामान्यरूपही इथे भेटतं: हातोडाचं जसं आधी ‘हातोड्या’ होतं आणि मग ‘ने’ लागतो, तसं किर्वेसचं आधी ‘किर्वेऽ’ होतं आणि मग ‘ल्लॅ’ लागतो, किर्वेऽल्लॅ, कुऱ्हाडीने. वासारा तर बदलतही नाही, म्हणून सुरुवातीला हाच शब्द धर. (ल्ला की ल्लॅ हे शब्दातल्या स्वरांवर ठरतं, कानाला सवय झाली की आपोआप येतं.) फरक एवढाच की विशेषणालाही पूर्ण प्रत्यय लागतो. आपण ‘मोठ्या हातोड्याने’ म्हणतो. इथे ‘इसोल्ला वासाराल्ला’, जणू ‘मोठ्याने हातोड्याने’. लिंग मात्र नाहीच. हातोडा तो, पक्कड ती असलं काही लक्षात ठेवायचं नाही. माणसांनाही तो-ती एकच, ‘हॅन’.

हाच ‘ल्ला’ मालकीही दाखवतो. ‘मिनुल्ला ओन वासारा’ म्हणजे माझ्याकडे हातोडा आहे. शब्दशः आपलंच वाक्य! ज्या भाषांत यासाठी वेगळं क्रियापद असतं, तिथून आलेले लोक इथे बराच काळ अडखळतात. आपण पहिल्या आठवड्यात पार होतो. नकारही ओळखीचा वाटेल. आपलं ‘नाही’ माणसाप्रमाणे बदलतं, नाही, नाहीस, नाहीत. तसं यांचं एन, एत, एइ.

खरा कस लागतो तो एकाच विभक्तीत, आणि त्यावर मी तुझा वेळ घालवणार आहे. तिचं नाव ‘पार्तितीऽवि’. वासाराचं ते रूप म्हणजे ‘वासाराऽ’, फक्त शेवटचा स्वर लांबला. ‘एत्सिन वासाराऽ’ म्हणजे हातोडा शोधतोय. ‘ओस्तिन वासारान’ म्हणजे हातोडा विकत घेतला. शोधताना वस्तू अजून हाती लागलेली नाही म्हणून वासाराऽ. घेतला, काम पुरं झालं, म्हणून वासारान. नकारात नेहमी वासाराऽ.

तुझ्या धंद्यातलं उदाहरण घे, पाइप म्हणजे ‘पुत्कि’. ‘हित्सासिन पुत्केआ’ म्हणजे मी पाइप वेल्ड करत होतो, काम शिल्लक आहे. ‘हित्सासिन पुत्केन’ म्हणजे पाइप वेल्ड करून झाला. दोन्हीकडे क्रियापद तेच, एका अक्षराचासुद्धा फरक नाही. मराठीत ‘करत होतो’ आणि ‘केला’ हे आपण क्रियापदावर दाखवतो, फिनिश ते नामावर दाखवते. शिफ्ट बदलताना पुढच्या माणसाला तू काय सांगतोस यावर तो पाइप पुढे जाणार की थांबणार हे ठरतं, तेव्हा या दोन रूपांवर आत्ताच जीव लावून मेहनत कर.

आणखी एक सांभाळ: आपला ‘ने’ दोन कामं करतो, ‘रामाने’ आणि ‘हातोड्याने’. फिनिश ‘ल्ला’ फक्त दुसरं करतो. ‘मी हातोडा घेतला’मध्ये आपलं क्रियापद हातोड्याकडे बघतं, इथे ते कायम करणाऱ्याकडेच बघतं.

१५पैकी काही विभक्ती रोजच्या बोलण्यात जवळजवळ येतच नाहीत. ‘वासारात्ता’, म्हणजे हातोड्याविना, हे पुस्तकात असतं. माणसं ‘इल्मान वासाराऽ’ म्हणतात. ‘वासाराना’ मात्र शिकून घे, ‘हातोडा म्हणून’. दगडच हातोडा म्हणून वापरला तर हेच रूप. पुढे कधी बोटीने तालिनला गेलास तर एस्टोनियनमध्ये ‘वासार’ दिसेल, पण रोजच्या वापरात तिथे जर्मनकडून आलेला ‘हाऽमेर’ आहे, आणि हातोड्याने म्हणायला ‘हाऽम्रिगा’. तो ‘गा’ पूर्वी ‘बरोबर’ अशा अर्थाचा स्वतंत्र शब्द होता, घासून प्रत्यय झाला.

पुस्तकातली आणि शॉप-फ्लोअरवरची भाषा यांत अंतर आहे, हे आधीच माहीत असू दे. पुस्तक म्हणेल ‘ओन्को सिनुल्ला वासाराऽ?’, शेजारचा कामगार म्हणेल ‘ओंक्स सुल्ला वासाराऽ?’. दोन्ही म्हणजे ‘तुझ्याकडे हातोडा आहे का?’. घणाला ‘लेका’ म्हणतात. तो हाक मारत नसून घण मागतोय. बोलताना दुसरं रूप वापर, वाचायला पहिलं ओळखता आलं पाहिजे.

निघण्याआधी काय करायचं ते सांगते. रोज एक अवजार घे आणि त्याची सहा रूपं मोठ्याने म्हण: नुसतं नाव, -न, पार्तितीऽवि, -ल्ला, -स्सा, -स्ता. ऱ्हस्व-दीर्घ चोख पाहिजे: तुलि म्हणजे आग, तुऽलि म्हणजे वारा, तुल्लि म्हणजे कस्टम्स. देवनागरीत लिहून पाठ कर, कारण फिनिश जशी लिहितात तशीच वाचतात आणि आपली लिपी तिला छान बसते. इथे आल्यावर ताम्पेरेच्या त्युओवॅन-ओपिस्तोत, म्हणजे १८९९ साली सुरू झालेल्या कामगार शिक्षण संस्थेत, संध्याकाळच्या भाषावर्गाला नाव घाल. फी परवडण्यासारखी असते. कामासाठी सुरक्षेचं कार्ड आणि वेल्डिंगसाठी ‘तुलित्युओकोर्त्ति’ हे आगीच्या कामाचं कार्ड लागेल. त्यातला ‘तुलि’ आता तुला कळलाच. नागरिकत्वाचा विचार असेल तर ऑक्टोबर २०२४पासून साधारणपणे ८ वर्षांच्या वास्तव्याची अट आहे, आणि भाषेसाठी ‘यूकेआय’ परीक्षेची तिसरी पातळी. वहिनींनाही आत्तापासून बरोबर बसव. दोघांनी मिळून ‘ओंक्स सुल्ला’ने घरातली वस्तू न् वस्तू एकमेकांकडे मागा, म्हणजे पार्तितीऽवि घरातच पक्की होईल.