वाचकांचे प्रश्न : ट्रंकेतली जर्मन बाटली

प्रश्न : माझे आजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९४४-४५ मध्ये इटलीच्या आघाडीवर लढले. त्यांच्या लोखंडी ट्रंकेत पाण्याची एक जर्मन बाटली आणि कमरपट्ट्याचे एक बकल सापडले. बाटलीला तपकिरी नमद्याचे आवरण व कातडी पट्टा आहे. तिच्या काळ्या पेल्यावर तीन रोमन अक्षरे आणि ‘४१’ असा ठसा आहे. बकलावर गरुड, नाझी स्वस्तिक आणि ‘गॉट मिट उन्स’ (‘देव आमच्यासोबत’) ही अक्षरे आहेत. बकल मात्र काकांनी पुढे कोठून तरी विकत आणून ट्रंकेत ठेवले असावे, असे घरातल्या काहींचे म्हणणे आहे. दोन्ही वस्तू खऱ्या आहेत का, हे कसे ओळखावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : ठसा शेवटी पाहावा, कारण नकली वस्तूवर उमटवायला सर्वांत सोपी आणि घेणाऱ्याची नजर सर्वांत आधी जाते अशी तीच एक गोष्ट असते. आधी वस्तू कशाची आणि कशी बनवली आहे ते पाहावे.

आपण वर्णन केलेली बाटली १९३१ च्या नमुन्याची दिसते. ती ॲल्युमिनियमची असे, तिच्यात सुमारे पाऊण लिटर पाणी मावे, लोकरीच्या नमद्याचे आवरण बाजूला टिचबटणांनी बंद होई आणि उभ्या पट्ट्याने पेला बाटलीच्या तोंडावर घट्ट बसे. सैनिक ती कमरपट्ट्याला न बांधता शिधापिशवीच्या कडीत आकड्याने अडकवत, म्हणून खऱ्या बाटलीचा आकडा झिजलेला असतो आणि आकड्यालगतच्या कातड्याला कायमची मोड पडलेली असते. पेला सुरुवातीला काळ्या रंगाचा असे आणि १९४१ च्या सुमारास त्याची जागा हिरवट रंगाने घेतली. त्यामुळे काळा रंग आणि ‘४१’ यांत विसंगती नाही. युद्धाच्या उत्तरार्धात ॲल्युमिनियमची टंचाई झाली आणि पोलादी, एनॅमल दिलेल्या बाटल्या निघू लागल्या. एक लोहचुंबक लावून पाहा : पोलादी बाटलीवर १९३७ चा ठसा असता, तर मी ती तिथेच बाजूला ठेवली असती. बाटली आणि पेला यांच्यावरची साले मात्र जुळलीच पाहिजेत असे नाही, कारण छावणीत पेले हरवत आणि बदलले जात.

यानंतर पट्टा सोडवून त्याखालचा नमदा पाहावा. ऐंशी वर्षांत उघडा भाग उन्हाने व हाताळण्याने फिका पडतो, पट्ट्याखालची रेघ गडद राहते, बटणांचा गंज लोकरीत उतरतो आणि कातडे नेमके बकलाच्या भोकांपाशी ताणले जाते. कॉफीत बुडवून किंवा पॉलिश कागदाने घासून ‘जुनी’ केलेली वस्तू सगळीकडे सारखीच जुनी दिसते, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोठा दोष असतो. अशा प्रतिकृती मुळात चित्रपटांसाठी किंवा ऐतिहासिक लढायांचे प्रयोग करणाऱ्या हौशी मंडळींसाठी उघडपणे बनवल्या जातात, त्यात गैर काही नाही. फसवणूक सुरू होते ती वस्तू दुसऱ्यांदा विकली जाताना.

शिवणीचा दोरा बराच बोलका असतो. पॉलिएस्टरचा दोरा युद्धानंतरच बाजारात आला, तेव्हा मूळ शिवणीत तो सापडला तर प्रश्न मिटला. शिवणीतून लोंबणारे एखादेच तूस चिमट्याने काढून, वस्तूपासून दूर नेऊन जाळावे : सूत किंवा ताग जळून कागदासारखा वास येतो आणि राख उरते, लोकरीला केस जळल्याचा वास येतो, तर पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. अतिनील दिव्याखाली दोरा निळसर पांढरा चमकला तरी संशय घ्यावा, कारण कापड चमकवणारी रसायने युद्धोत्तर काळात सर्रास वापरात आली. तरीही मी या एकट्या दिव्यावर विसंबत नाही, कारण घरात कोणी आवरण कपडे धुण्याच्या पावडरीने धुतले असेल, तर अस्सल लोकरही चमकेल.

आता बकल. जर्मन भूसेनेची ही बकले आधी ॲल्युमिनियमची आणि पुढे पोलादी होती, पण दोन्ही साच्यात दाबून काढलेली. म्हणून समोर उठावात असलेला गरुड मागच्या बाजूला खोलगट उमटलेला दिसला पाहिजे. मागची बाजू सपाट व खरबरीत असेल, पिसांच्या रेषा साबण झिजल्यासारख्या मऊ असतील, पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे असतील, तर ते ओतीव आहे. खऱ्या बकलावरून साचा घेऊन ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे मूळ मापापेक्षा किंचित लहानही भरते. काकांविषयीच्या शंकेचा खुलासा या मागच्या बाजूकडूनच मिळेल.

घरातल्या आठवणीलाही एक कसोटी लावता येते. १९४१ मध्ये पूर्व आफ्रिकेतल्या इरिट्रियात केरेनला मराठा पलटणी लढल्या, पण तिथे समोर इटालियन फौजा होत्या. आजोबा केवळ तिथेच असते, तर जर्मन बाटलीचा खुलासा कठीण झाला असता. इटलीत गोष्ट वेगळी होती : मराठा पलटणींतल्याच नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, तो जर्मनांशी लढतानाच. आपल्या आजोबांची कहाणी म्हणून शक्य कोटीतली आहे. तरी तिने बाटली सिद्ध होत नाही, आणि बकल तर मुळीच नाही. तपासणी पुरी होईपर्यंत दोन्हींना ब्रासो, चिंच किंवा तेल लावू नका.

प्रश्न : मी जर्मनीत नोकरी करतो. इथल्या जुन्या बाजारात सैनिकी तंबूचे एक त्रिकोणी ठिपकेदार कापड ‘युद्धकाळातले’ म्हणून मिळत आहे. घ्यावे का?
— एक वाचक, श्टुटगार्ट

उत्तर : १९३१ च्या नमुन्याचे तंबूकापड खरोखरच त्रिकोणी असते, दोन बाजू सुमारे दोन मीटरच्या, तिसरी त्याहून लांब. त्याच्यावर ठिपके नसून टोकदार, फुटलेल्या काचेसारखे पट्टे आणि त्यांवर पावसासारख्या बारीक रेघा असतात, एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिक्या. आपण ‘ठिपकेदार’ म्हणता ते अक्षरशः खरे असेल, तर तो हा नमुना नाही. कापडाच्या दोन्ही बाजूंचे आणि कडेच्या बटणांचे छायाचित्र पाठवल्यास अधिक सांगता येईल. तोवर पैसे देऊ नका.