नाशिकच्या खाण्यावर लिहायचंय? मग पेठ-सुरगाण्याला जा

पहिला लेख मिसळीवर नको, ती सगळेच लिहितात. पेठ-सुरगाणा या नाशिकच्या डोंगराळ तालुक्यांची एसटी पकड. उताराची जमीन, बेदम पाऊस. म्हणून तिथे नागली (नाचणी) आणि वरई. एखाद्या कोकणा आदिवासी घरात नागलीची भाकरी होताना नीट बघ: पीठ गरम पाण्यात मळलं नाही तर थापताना कडा फाटतात. सोबत उडदाचं वरण किंवा खुरासणीची (कारळ्याची) चटणी. हीच वरई कांडून, साल काढून शहरात आली की भगर होते आणि एकादशीला ताटात पडते. डोंगरातलं रोजचं जेवण ते आपला उपास! माझ्या मते नाशिकचा अर्धा इतिहास इथेच आहे.

निफाडची द्राक्षं, लासलगावचा कांदा याबद्दल भरपूर छापून आलंय, एक परिच्छेद पुरे.

मालेगाव मात्र सोडू नकोस. 1857 नंतर उत्तरेतून विणकर कुटुंबं तिथे येऊन वसली. थेट रेसिपी मागू नकोस. आजीच्या वेळी लग्नात काय वाढायचे, कुठला पदार्थ बंद झाला, ते विचार. आणि कारखान्यात मुलाखत घेऊ नकोस, यंत्रमागाच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही. संध्याकाळी चहाच्या हॉटेलात गाठ.