पाचोळ्यावरची छत्री

प्रश्न : भीमाशंकरला पाचोळ्यावर केसाएवढ्या दांड्याची, नखाहून लहान अळंबी दिसली. दुर्मीळ असेल तर ओळख पटवायला पुण्यात आणू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : नको. ते अभयारण्य आहे, वनखात्याची परवानगी लागते. तिथेच फोटो काढा. शेजारी फुटपट्टी ठेवून (ती सगळेच विसरतात), आणि खाली छोटा आरसा धरून छत्रीच्या आतल्या चुण्यांचाही. पान कोणत्या झाडाचं, तेही लिहा. परवानगी असेल तर अळंबी पानासकट कागदी पाकिटात घ्या, कारण बुरशीचे तंतू पानातच असतात. प्लास्टिकमध्ये ओल धरून ती रात्रीतून सडते. ४० अंशांच्या आसपास वाळवा. जिवंत वाण राखायला, म्हणजे बुरशी प्रयोगशाळेत वाढवत ठेवायला, मात्र ताजाच नमुना हवा. पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, आधी तिथे विचारा. नेमकी जागा व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. बघ्यांच्या बुटांखाली पाचोळाच उरत नाही.