मांजर जेवताना शेजारी बसा

मागच्या अंकात मांजरांविषयीचे प्रश्न पाठवा म्हटलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्मी पत्रं खाण्याची, निम्मी दातांची. 23 वर्षं जनावरांची डॉक्टरकी केल्यावर या दोन गोष्टी मला वेगळ्या करता येत नाहीत. त्यामुळे उत्तरंही एकत्रच देते आहे.

प्रश्न : आमची माऊ चार वर्षांची आहे. मासे सोडून कशालाही तोंड लावत नाही. दुसरं काही ठेवलं की हुंगते आणि निघून जाते. शिवाय सकाळ-संध्याकाळ वाटीभर दूध असतंच. दोन्ही पौष्टिक, मग अधूनमधून जुलाब का होतात?

आधी दूध बंद करा. पिल्लाचं अंगावरचं दूध सुटलं की दुधातली साखर पचवण्याची त्याची ताकद हळूहळू कमी होते. मोठेपणी बऱ्याच मांजरांना ती साखर पचत नाही, ती आतड्यात आंबते आणि जुलाब होतात. माऊ दूध चाटते ते बहुधा त्यातल्या स्निग्धांशासाठी, कारण गोड चव मांजराला कळतच नाही. ती चव ओळखणारा जनुकच निकामी झालेला असतो, वाघ-चित्त्यांमध्येही. दूध थांबवून पंधरा दिवसांनीही जुलाब राहिले तर शी तपासून घ्या, जंत असू शकतात.

आता मासे. मासा वाईट नाही, नुसता मासा वाईट. काही कच्च्या माशांत असं विकर असतं की ते बी-1 जीवनसत्त्व नष्ट करतं. असे मासे रोज खाणारं मांजर मान खाली घालून झोकांड्या खात चालायला लागतं, पुढे झटकेही येतात. नुसते तेलकट मासे खाऊ घातले आणि ई जीवनसत्त्व कमी पडलं तर कातडीखालच्या चरबीला सूज येते. मग पाठीवरून हात फिरवला तरी मांजर कळवळतं. 'मासे नकोत तर रोज कलेजी देऊ' असंही करू नका. कलेजीतलं ए जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि मानेचे मणके एकमेकांना जुळून मान आखडते.

मांजर मांसावरच जगणारा प्राणी आहे, पण मांस म्हणजे एकच तुकडा नव्हे. रानात ते उंदीर अख्खा खातं, काळीज आणि हाडांसकट. त्यातून त्याला टॉरिन नावाचं गरजेचं पोषकद्रव्य मिळतं. हे टॉरिन मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा खराब होतो आणि हृदय पातळ होऊन फुगतं. 1987 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हा हृदयविकार आणि टॉरिन यांचा संबंध दाखवून दिला, तो विकतचं तयार खाणं खाणाऱ्या मांजरांमध्येच. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. म्हणून पाकिटावर 'संपूर्ण व संतुलित आहार' असं लिहिलंय का, ते वाचा. 'पूरक आहार' लिहिलेलं पाकीट रोजच्या जेवणासाठी नसतं.

माऊचं खाणं एकदम बदलू नका. पहिल्या दिवशी माशात चमचाभर नवं खाणं कालवा आणि आठ-दहा दिवसांत प्रमाण उलटं करा. खाणं अंगाइतकं कोमट करून द्या. मांजर वासावर जेवतं आणि थंड खाण्याला वास कमी येतो. फक्त 'भूक लागली की खाईल' म्हणून हट्टाने उपाशी ठेवू नका. मांजर, त्यातही जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात जाऊन बसते, आणि तो आजार जिवावर बेततो.

प्रश्न : कोरडे दाणे चावल्याने दात साफ राहतात असं ऐकलं, म्हणून आमच्या बोक्याचं ओलं खाणं पूर्ण बंद केलं. योग्य केलं ना?

नाही. साधा कोरडा दाणा दाताचं टोक लागताच फुटतो. हिरडीच्या कडेला, जिथे घाण साचते, तिथपर्यंत तो पोचतच नाही. बरेच बोके तर दाणे न चावताच गिळतात. उलटी झाली की अख्खे दाणे दिसतात ते त्यामुळेच. दातांसाठी मुद्दाम बनवलेले दाणे वेगळे असतात. ते मोठे आणि तंतुमय असतात, दात आत रुततो आणि घासला जातो. अशा खाण्याची पारख करणारी पशुदंत परिषद (इंग्रजीत VOHC) 1997 पासून काम करते आणि कसोटीला उतरलेल्या वस्तूला तिचा शिक्का मिळतो. तो शोधा.

मला काळजी वाटते ती पाण्याची. कोरड्या खाण्यात साधारण 10 टक्के पाणी असतं, ओल्यात 75 ते 80. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यांना तहान कमी लागते आणि लघवी घट्ट होते. बोक्याची मूत्रनळी बारीक असते, ती तुंबली की एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. ओलं खाणं पुन्हा सुरू करा. आणि बोका मातीच्या ट्रेमध्ये वारंवार बसतोय पण लघवी होत नाही असं दिसलं, तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री दवाखाना गाठा.

किती द्यायचं, हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे. 4 किलोच्या, घरात राहणाऱ्या मोठ्या मांजराला दिवसाला 200 ते 250 कॅलरी पुरतात. एका उंदरात साधारण 30 असतात. म्हणजे दिवसाचे सात-आठ उंदीर, एकेक करून. त्यामुळे दोन मोठ्या जेवणांपेक्षा चार-पाच लहान जेवणं त्याला मानवतात. दाणे वाटीने नको, वजनकाट्यावर मोजा.

प्रश्न : आमचा बोका नऊ वर्षांचा आहे. दहा-बारा दिवसांपासून भूक लागली की धावत वाटीशी येतो, एखादा घास घेतो आणि एकदम फिस्कारून पळतो. घरचे म्हणतात नखरे करतो. दात तर पांढरे दिसतात.

हे नखरे नाहीत. त्याला भूक आहे आणि तोंड दुखतंय. बिचाऱ्याला वाटतं वाटीच चावली.

तुमचं पत्र वाचून मला आमची कापशी आठवली. अकरा वर्षांची होती तेव्हा ती डोकं उजवीकडे कलतं करून खायला लागली. मला दिसत होतं, पण वजन ठीक होतं, वाटी रिकामी होत होती, म्हणून वयाचं असेल असं मी धरून चालले. पाठीवरच्या केसांच्या गुठळ्या झाल्या, तेही वयावर ढकललं. मग एका संध्याकाळी ती जेवत असताना मी फरशीवर बसले होते. कोंबडीचा नखाएवढा तुकडा तिने तोंडात घेतला, डावीकडून तो खाली पडला. तिने पुन्हा उचलला, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी तिने तो न चावताच गिळला. आठवडे नाही, महिने ती अशी जेवत असणार, आणि रोज दुसऱ्यांच्या मांजरांचे दात बघणारी मी त्याच घरात होते. अजून मनाला लागतं.

दुसऱ्या दिवशी भूल देऊन बघितलं. खालच्या जबड्यात सुळ्याच्या मागची पहिलीच दाढ होती. तिच्या कडेला हिरडी लाल मण्यासारखी वर चढली होती. त्याला टोकदार सळई हलकेच लागली, तर भुलेतसुद्धा जबडा थरथरला. एक्स-रेत मूळ वाळवी लागलेल्या लाकडासारखं पोकळ दिसत होतं. याला दात विरघळणं म्हणतात. आपल्यासारखी कीड मांजरांना सहसा लागत नाही. त्यांच्याच शरीरातल्या पेशी दात खात जातात. का, ते अजून पक्कं उमगलेलं नाही. पण मध्यम वयानंतरच्या मांजरांत हा आजार फार दिसतो आणि बऱ्याचदा सुरुवात त्याच दाढेपासून होते. भरून काढून तो दात टिकत नाही, काढावाच लागतो.

म्हणून पांढऱ्या दातांवर विसंबू नका. या दोन दिवसांतच बोक्याला दाखवा आणि भूल देऊन तोंडाचे एक्स-रे काढता येतील अशा ठिकाणी न्या. भुलेआधी रक्त तपासून घ्या, नऊ वर्षांच्या बोक्याची मूत्रपिंडं बघायलाच हवीत. भूल न देता दात खरवडून देतो असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. त्यात दात चकचकीत होतात, पण आजार हिरडीच्या खाली तसाच राहतो. तोवर खाणं मऊ आणि कोमट द्या.

कापशीचं म्हणाल, तर दात काढल्यावर पाचव्या दिवशी ती मान पूर्ण मागे वळवून पाठ चाटत बसली होती. गुठळ्या वयाच्या नव्हत्या, दातदुखीच्या होत्या.

प्रश्न : तोंड दुखणाऱ्या मांजराला डॉक्टरांकडे नेईपर्यंत घरातली दुखण्याची गोळी पाव भाग देऊ का?

हा प्रश्न तिघांनी विचारला आहे, तिघांना एकच उत्तर: मुळीच नाही. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे. ते पचवून बाहेर टाकायची यंत्रणा त्याच्या यकृतात अपुरी असते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं, हिरड्या निळसर-तपकिरी पडतात. एक गोळीही जीव घेऊ शकते. चुकून दिली गेली असेल तर लक्षणांची वाट न बघता लगेच न्या.

प्रश्न : आमचं पिल्लू पाच महिन्यांचं आहे. ब्रश करायची सवय आतापासून लावावी का? ते सारखं चावतं.

चावणारच, त्याचे दात पडताहेत. दुधाचे 26 दात जाऊन सहा महिन्यांच्या सुमाराला कायमचे 30 येतात. हिरड्या हुळहुळतात, त्यामुळे आत्ता ब्रश नको. दुखलं तर ते ब्रशला कायमचं शत्रू मानेल. आत्ता फक्त तुमच्या बोटाची ओळख करून द्या. मांडीवर पेंगत असताना गालावरून बोट फिरवा. चार दिवसांनी ओठाचा कोपरा वर उचला आणि सोडा. मग बोटाला मांजरांची पेस्ट लावून नुसती चाटू द्या. प्रत्येक वेळी तीन-चार सेकंद, आणि ते सुटायला धडपडायच्या आधी तुम्हीच थांबा.

दात आले, हिरड्या शांत झाल्या की बोटाला ओला गॉज गुंडाळून वरच्या दाढांची बाहेरची बाजू पुसा. लाळेच्या नळ्या तिथे उघडतात, त्यामुळे किटण तिथेच आधी साचतं. मग लहान, मऊ ब्रश. तोंड उघडायची गरजच नाही. ओठ वर करायचा, ब्रश हिरडीच्या कडेला तिरका धरायचा. आतली बाजू बऱ्यापैकी जीभच साफ ठेवते. रोज केलंत तर उपयोग. आज साचलेलं मऊ पुट काही दिवसांत दगडासारखं होतं आणि मग ते ब्रशने निघत नाही. माणसांची पेस्ट वापरू नका, ती थुंकायची असते आणि मांजर गिळतं.

प्रश्न : आमच्या मांजरीच्या हिरड्या आणि घशाची कड सतत लालभडक असते, लाळ गळते. औषधं झाली, आता डॉक्टर सगळ्या दाढा काढायच्या म्हणतात. ती मग खाईल कशी?

तुमचे डॉक्टर बरोबर सांगताहेत. या आजारात दातांवरच्या पुटाविरुद्ध शरीर जणू पेटून उठतं. नुसत्या औषधांनी तो दबतो आणि पुन्हा उसळतो. दाढा काढल्यावर बहुतेक मांजरांना खूप आराम पडतो, काहींना औषध पुढेही लागतं. मुळांचे तुकडे आत राहिले नाहीत ना, हे एक्स-रेत बघितलंत का, एवढं आवर्जून विचारा.

खाण्याची चिंता सोडा. मांजर आपल्यासारखं चघळत नाही, त्याचा जबडा आडवा हलतच नाही. दाढा कात्रीसारख्या फक्त कापतात. कापायचं काम तुम्ही करा. दोन आठवडे गुळगुळीत ओलं खाणं द्या, नंतर बारीक तुकडे. दाढा नसलेली मांजरं कोरडे दाणेही मजेत गिळताना मी बघितली आहेत. आज तिचं वजन करून लिहून ठेवा, शस्त्रक्रियेनंतर महिन्याने पुन्हा करा, आणि दोन्ही आकडे मला पाठवा.